आठ दिवसांची रजा, ब्राझीलचे जंगल आणि एक सुरुंग

जंगलातल्या साहसकथेचा नायक खजिन्यासाठी निघतो, नाही तर कीर्तीसाठी, असे आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. १९६४ साली फ्रान्समध्ये प्रदर्शित झालेल्या ‘लॉम द रिओ’, म्हणजे ‘रिओचा माणूस’, या चित्रपटाच्या नायकाला यांपैकी काहीही नको आहे. सक्तीची लष्करी सेवा बजावणारा हा एक साधा शिपाई आहे. आठ दिवसांची रजा घेऊन तो आपल्या वाग्दत्त वधूला भेटायला पॅरिसला आला आहे आणि रजा संपण्यापूर्वी त्याला छावणीत हजर व्हायचे आहे. मधल्या काळात त्याला अटलांटिक महासागर ओलांडावा लागतो, उंच इमारतीच्या कठड्यावरून चालावे लागते, विमानातून उडी टाकावी लागते आणि ॲमेझॉनच्या अरण्यात एका विक्षिप्त विद्वानाचा पाठलाग करावा लागतो. हे सारे त्याच्या लेखी आडवाटेने आलेले काम आहे आणि त्यात त्याची हक्काची सुट्टी वाया चालली आहे.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो बऱ्याच वर्षांपूर्वी, पणजीत, एका फिल्म क्लबच्या छोट्याशा खोलीत, खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभ्याने. गेल्या पावसाळ्यात डिचोलीच्या घरी तो पुन्हा पाहिला, तेव्हा सोबतीला भाईकाका होते. भाईकाका माझ्या वडिलांचे मित्र. आता पंचाहत्तरी उलटून गेली आहे. गोवा मुक्तीपूर्वी त्यांनी पोर्तुगीज शाळेत ‘सेगुंद ग्राव’, म्हणजे प्राथमिक शिक्षणाचा दुसरा टप्पा, केले होते आणि मुक्तीनंतर मराठी व इंग्रजी शिकून ते सरकारी कचेरीत लागले. तिथे तीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्या टेबलावर इतरांच्या रजेचे अर्ज येत असत. त्यामुळे पडद्यावरचा शिपाई रेल्वेतून उतरताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, रजा कोणत्या तारखेपासून धरायची, हा.

तो प्रश्न मला तेव्हा गमतीचा वाटला होता, पण दुसऱ्यांदा चित्रपट पाहताना लक्षात आले की दिग्दर्शक फिलिप द ब्रोका यानेही साऱ्या विनोदाचा पाया तिथेच घातला आहे. आद्रियाँ ड्यूफुर्के हे पात्र रंगवणारा झाँ-पॉल बेलमाँदो त्या वेळी तीस वर्षांचा होता. त्याचा आणि द ब्रोकाचा जन्म १९३३ सालचाच, आणि त्यापूर्वी १९६२ साली दोघांनी एक पोशाखी साहसपट एकत्र केला होता. द ब्रोकाने स्वतः लष्करी सेवेच्या काळात अल्जीरियात सैन्यासाठी चित्रीकरणाचे काम केले होते. अल्जीरियाचे युद्ध १९५४ पासून १९६२ पर्यंत चालले. त्यानंतर दोनच वर्षांनी आलेल्या या चित्रपटात युद्धाचा उल्लेख नाही. मात्र ज्यांची मुले, भाऊ, नवरे त्या वाळवंटात सक्तीने पाठवले गेले होते, त्या फ्रेंच प्रेक्षकाला आठ दिवसांच्या रजेची किंमत समजावून सांगण्याची गरज नव्हती. विनोदी चित्रपटाने आपल्या काळाबद्दल किती बोलावे आणि किती गिळून टाकावे, याचा द ब्रोकाला नेमका अंदाज होता असे मला वाटते.

कथा थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यात सांगण्यासारखीच आहे. पॅरिसमधल्या म्युझे द लॉम या मानववंशशास्त्राच्या संग्रहालयातून एक छोटी प्राचीन मूर्ती चोरीला जाते आणि पहारेकऱ्याचा खून होतो. ती मूर्ती ‘माल्तेक’ नावाच्या एका लुप्त संस्कृतीची आहे. ही संस्कृती पटकथाकारांनी कल्पनेतून उभी केलेली आहे. मूर्ती एकूण तीन. त्या शोधून आणणारे तीन सहकारीही होते: एक प्राध्यापक काटालाँ, दुसरा ब्राझीलमधला धनाढ्य उद्योगपती द कास्त्रो आणि तिसरे आन्येसचे दिवंगत वडील. ही आन्येस म्हणजे आपल्या शिपायाची वाग्दत्त वधू. आधी प्राध्यापकाला पळवून नेले जाते, पाठोपाठ आन्येसला, आणि आद्रियाँ तिच्यामागे जी मोटारसायकल हाताला लागेल ती घेऊन ओर्ली विमानतळापर्यंत जातो. तिकीट नाही, पासपोर्ट नाही, अंगावर गणवेश, अशा अवस्थेत तो रिओच्या विमानात शिरतो. आन्येसला गुंगीचे औषध दिलेले असल्यामुळे विमानात ती त्याला ओळखतही नाही. इथून पुढे ती सुटते, पुन्हा पकडली जाते, मूर्ती सापडते, पुन्हा हातची जाते, आणि प्रत्येक वेळी आद्रियाँ धावतो.

धावतो, हे क्रियापद इथे अलंकाराने वापरलेले नाही. या चित्रपटात बेलमाँदो जितका धावला आहे तितका एखादा पोस्टमन आयुष्यभरात धावत नसेल. शिवाय धोक्याची कामे तो स्वतः करत असे, आणि कॅमेरा थोडा लांब ठेवून द ब्रोका ते आपल्याला स्पष्ट दाखवतो: कठड्यावर चालणारा माणूस तोच आहे, खाली दिसणारा रस्ता खरा आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावर शौर्याचा लवलेश नसून बस चुकलेल्या माणसाचा वैताग आहे. आजच्या साहसपटांत संगणकाने रंगवलेल्या दऱ्यांवरून नायक उड्या मारतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येत नाही. इथे साठ वर्षांपूर्वीचा एक मळका, दमलेला तरुण कठड्याला चिकटून इंच-इंच सरकतो तेव्हा येतो.

या साऱ्याची वंशावळ बेल्जियन चित्रकार एर्जेच्या टिनटिनपर्यंत जाते. संग्रहालयातून चोरीला जाणारी दक्षिण अमेरिकेतली मूर्ती त्याने १९३०च्या दशकातच एका चित्रकथेत आणली होती. पटकथा लिहिणारे चौघे होते: स्वतः द ब्रोका, झाँ-पॉल रापनो, दानिएल बुलांजे आणि आरियान म्नुश्किन. यातल्या शेवटच्या बाई पुढे फ्रेंच रंगभूमीवरच्या थोर दिग्दर्शिका म्हणून नावारूपाला आल्या. या पटकथेला ऑस्करचे नामांकनही मिळाले. पुढे हॉलिवूडने इंडियाना जोन्स हा टोपी-चाबूकवाला पुरातत्त्वज्ञ पडद्यावर आणला तेव्हा त्याच्या मुळाशी हा फ्रेंच शिपाई होता, असे जाणकार सांगतात. मला स्वतःला एक फरक मोठा वाटतो. त्या पुरातत्त्वज्ञाला मूर्ती हवी असते. आमच्या शिपायाला ती कुणाकडे गेली याचीसुद्धा फिकीर नाही.

आता जंगलाकडे वळायला हवे, कारण चित्रपट जंगलातला म्हणून ओळखला जातो. गंमत अशी की जंगल शेवटच्या भागात येते. त्याआधी येते ब्राझीलिया, आणि माझ्या मते चित्रपटाचे खरे घनदाट अरण्य तेच आहे. राष्ट्राध्यक्ष जुसेलिनो कुबिचेक यांच्या कारकिर्दीत, ल्युसिओ कोस्ता यांच्या आराखड्यावर आणि ऑस्कर निमायर यांच्या इमारतींसह, ओसाड पठारावर उभारलेल्या या नव्या राजधानीचे उद्घाटन २१ एप्रिल १९६० रोजी झाले. द ब्रोकाची मंडळी तिथे पोहोचली तेव्हा शहर अर्धे उभे होते आणि अर्धे नुसते सांगाडे. रुंद रस्ते आहेत पण त्यांवर माणूस नाही, पायऱ्या आहेत पण त्या कुठे जातात ते कळत नाही, आणि या काँक्रीटच्या रानात आद्रियाँ एखाद्या मुंगीसारखा पळतो आहे. लपायला झाड नाही. आवाज द्यायला शेजारी नाही. पाठलागाच्या दृश्यासाठी यापेक्षा भीतिदायक आणि यापेक्षा हास्यास्पद जागा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आणि तिथली माती! पडद्यावर ती लाल धूळ उडू लागली तेव्हा भाईकाका खुर्चीत पुढे सरकून बसले. ब्राझीलियाचे पठार लाल मातीचे आहे, आपल्याकडच्या चिऱ्यांच्या मातीची जणू लांबची बहीण. डिचोली-साखळीच्या बाजूला ज्याने उन्हाळे काढले आहेत त्याला ती धूळ कपड्यांवर, पापण्यांवर, भाताच्या पानावर कशी बसते हे सांगावे लागत नाही. खनिजाच्या ट्रकांच्या काळात आमच्याकडे आंब्याची पाने हिरवी दिसायची ती फक्त पावसाळ्यात.

त्या मातीइतकीच ओळखीची निघाली ती भाषा. मुख्य पात्रे फ्रेंच बोलतात, पण रिओच्या रस्त्यावरची माणसे मध्येच पोर्तुगीज बोलून जातात, आणि खालची इंग्रजी ओळ यायच्या आत भाईकाका हसू लागले. “अरे, हें म्हाका समजता!” असे ते जवळजवळ ओरडलेच. शाळेत ज्या भाषेसाठी त्यांनी हातावर छड्या खाल्ल्या, मुक्तीनंतर जी त्यांनी अर्ज लिहिण्यापुरतीही वापरली नाही, ती साठ वर्षांनी एका फ्रेंच विनोदी चित्रपटातून घरात आली. तिने त्यांना हसवले, आणि त्या हसण्यात थोडा अवघडलेपणाही होता. ब्राझील १८२२ मध्ये पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला, गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. हा चित्रपट फ्रान्समध्ये लागला त्या १९६४च्या फेब्रुवारीत आमच्या मुक्तीला अवघी दोन वर्षे होऊन गेली होती.

ॲमेझॉनच्या काठच्या त्या जंगलाशी आपले जुने नाते आहे आणि ते स्वयंपाकघरातून आलेले आहे. काजू हा शब्द पोर्तुगीजांनी ब्राझीलच्या किनाऱ्यावरील तुपी लोकांकडून उचलला आणि झाडासकट इकडे आणला. अननसाचीही कथा तीच. म्हणजे सत्तरी तालुक्यातली एखादी बाई एप्रिलमध्ये डोंगरावर बोंडू वेचते तेव्हा तिच्या हातात त्या अरण्याचा एक वंशज असतो. पडद्यावरच्या जंगलात आद्रियाँ हवाई छत्रीसह झाडाला लोंबकळला आणि खाली नदीत मगर दिसली, तेव्हा मला भय वाटण्याऐवजी थोडे घरच्यासारखे वाटले त्याचे कारण कदाचित हे असावे, किंवा मग कदाचित मगरी हेच असावे, कारण कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आम्ही शाळेच्या सहलीत पाहिलेल्या आहेत.

जंगलाच्या चित्रणाबद्दल मात्र तक्रारही नोंदवायला हवी. तिथले मूळ रहिवासी चित्रपटात माणसे म्हणून फारसे येतच नाहीत. ते येतात विषारी बाण मारणारे मुके हस्तक म्हणून, किंवा पार्श्वभूमी म्हणून. रिओमधला बूटपॉलिश करणारा मुलगा, ज्याला सगळे ‘सर विन्स्टन’ म्हणतात, तो मोठा लाघवी आहे. हिरव्या चांदण्या रंगवलेल्या गुलाबी मोटारीचे श्रेयही त्याच्याच खात्यात जाते. पण त्याच्या वस्तीतले दारिद्र्य कॅमेऱ्याला इतके गोड दिसते की मन खट्टू होते. गोव्यात वाढलेल्या माणसाला हा गोडवा लगेच ओळखू येतो. आमच्याकडेही कॅमेरे येतात, समुद्रकिनारा, माडाची बने, हसतमुख मासेविक्रेती टिपतात आणि परत जातात. द ब्रोका निदान स्वतःच्या देशबांधवांवरही तितक्याच आनंदाने हसतो, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल.

आन्येसबद्दल मी पहिल्या वेळी अन्याय केला होता. ती केवळ पळवली जाण्यासाठी आहे, असे तेव्हा वाटले होते. फ्रांस्वाज दोर्लेआकने या पात्राला जे दिले आहे ते आता जास्त स्पष्ट दिसले: ती हट्टी आहे, चटकन चिडते, संकटाच्या ऐन मध्यावर नाचायला लागते, आणि आद्रियाँ जीव मुठीत धरून तिला सोडवतो तेव्हा आभार मानण्याऐवजी उशीर का झाला ते विचारते. दोर्लेआक ही कातरीन दनवची थोरली बहीण. २६ जून १९६७ रोजी नीसजवळ मोटार अपघातात तिचा मृत्यू झाला, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. हे ठाऊक असताना तिला नाचताना पाहणे सोपे जात नाही. जॉर्ज देलरू यांचे संगीत तिच्यासाठी जिथे मंद होते तिथे तर मुळीच नाही. उद्योगपतीची भूमिका करणाऱ्या अदोल्फो चेलीला वाचक ओळखतील तो या चित्रपटाच्या पुढच्याच वर्षी जेम्स बाँडसमोर एका डोळ्यावर पट्टी लावून उभा राहिलेला खलनायक म्हणून. झाँ सेर्वेचा प्राध्यापक मात्र माझ्या दृष्टीने सर्वांत भारी. (ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.)

कारण खलनायक तोच आहे. पळवून नेले गेल्याचे नाटक करणारा हा विद्वान मित्राचा खून करून तिन्ही मूर्ती मिळवतो आणि जंगलातल्या गुहेत पोहोचतो. सूर्याचा किरण मूर्तींमधून पडतो, जागा दाखवतो, खजिना समोर येतो. आता काय व्हावे? शाप लागावा, देव कोपावा, गुप्त कळ फिरून दगड कोसळावा, अशी आपली अपेक्षा असते. दगड कोसळतात, पण शापाने नव्हे. जवळच जंगलातून रस्ता काढण्याचे काम चालू आहे आणि तिथल्या ठेकेदाराने नेमाप्रमाणे सुरुंग उडवला आहे. त्या हादऱ्याने गुहा खचते आणि हजारो वर्षांचे गुपित, ते उलगडणाऱ्या माणसासकट, ढिगाऱ्याखाली जाते. रस्ता बांधणाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही.

फ्रेंच प्रेक्षक या ठिकाणी हसला असेल, आणि हसण्यासारखेच ते आहे. पण आमच्या गावापासून दोन डोंगरांपलीकडे काळ्या दगडाची खाण होती, रस्त्याची खडी तिथून जायची, आणि दुपारी ठरल्या वेळी तिथे सुरुंगाचे बार उडत. पहिला बार झाला की आई फळीवरची काचेची बरणी हाताने धरून ठेवायची. दुसऱ्या बाराला कौलांतून माती गळायची. त्या डोंगराच्या पोटात काय होते आणि काय गेले हे आम्हांला कधीच कळले नाही. एक झरा होता तो आटला, एवढे दिसले. म्हणून पडद्यावर तो धमाका झाला तेव्हा मी हसलो, पण माझा हात नकळत टेबलावरच्या पेल्याकडे गेला. ॲमेझॉनला आडवा छेदणाऱ्या मोठ्या महामार्गाचे काम ब्राझीलच्या लष्करी राजवटीने १९७० साली हाती घेतले, म्हणजे हा विनोद आधी झाला आणि रस्ता नंतर. ती राजवटही चित्रपट लागल्यानंतर दीड-दोन महिन्यांतच, १९६४च्या मार्चअखेरच्या उठावाने आली होती. मोलेच्या अभयारण्यातून दुपदरी रेल्वे, रुंद रस्ता आणि वीजवाहिनी नेण्यावरून २०२० साली गोव्यात जे रान उठले, त्यातल्या एखाद्या सभेत हा शेवटचा प्रसंग दाखवायला हवा होता असे मला उगाचच वाटून गेले.

त्यानंतरही फ्रेंच चित्रपट अधूनमधून जंगलात हसायला जात राहिले आहेत. २०१२ साली आलँ शाबाने लांब शेपटीच्या मार्सुपिलामी या चित्रकथेतल्या प्राण्यासाठी पालोंबिया नावाचा काल्पनिक देश पडद्यावर उभा केला. तो पोरांसोबत पाहायला मजा येते. मात्र तिथले जंगल सुरुवातीपासूनच जादूचे आहे आणि जादूच्या जंगलाला सुरुंगाची भीती नसते.

चित्रपटाचा शेवट पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकावर होतो. आद्रियाँ धावतपळत गाडी पकडतो. डब्यात त्याच्यासोबत रजेवर आलेला सोबती बसलेला आहे आणि पॅरिसमध्ये इकडून तिकडे जाताना आपले किती हाल झाले याची कहाणी तो तोंड वाकडे करून सांगतो. आद्रियाँ ऐकून घेतो.

दिवे लावले तेव्हा भाईकाका बोटांची पेरे मोजत होते. पॅरिस ते रिओ एक रात्र, रिओत दोन दिवस, तिथून ब्राझीलिया हजार-बाराशे किलोमीटर, ते त्या गुलाबी खटाऱ्यातून, म्हणजे दीड दिवस धरा. जंगलात किती रात्री झाल्या यावर आमचा थोडा वाद झाला. मी दोन म्हणत होतो, ते एकावर अडून बसले. परतीचा प्रवास त्यांनी जाण्याइतकाच धरला. बाहेर पाऊस थांबला होता. छत्री उघडून पायऱ्या उतरता उतरता ते वळले आणि त्यांनी निकाल दिला की हिशोब बसतो, उलट अर्धा दिवस शिल्लक राहतो, फक्त रजेवर असताना मुख्यालय सोडण्याची परवानगी त्याने अर्जात मागितली होती की नाही, ते तेवढे पाहावे लागेल.